करंज्या आणि दक्षता समिती

तीर्थरूप दादास,

डोंबिवलीहून आनंदचा साष्टांग नमस्कार. तिकडे टेंभी नाक्यावर तुझी साखर आणि वहिनींचा गुडघा ताब्यात असतील असं धरून चालतो. माझ्या प्रकृतीचं मात्र विचारू नकोस. तिची काळजी घेऊन घेऊनच लोकांनी माझी वाट लावली आहे. (फोन केला नाही, कारण फोनवर हेमा ऐकते.)

आमच्या संकुलाची कॅरम स्पर्धा तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी टपरीवर तिच्या निकालावर पैजा लागल्या आणि एक महाशय चक्क विकले गेले (अडीच किलो मटणाला! माणसाने काही पातळी ठेवावी). म्हणून यंदा दक्षता समिती निघाली आणि अध्यक्ष झालो मी. जन्मभर विजेच्या मीटरमधली चोरी पकडलेला माणूस, शिवाय सलग तीन वर्षांचा विजेता. मला कोण विकत घेणार? मी नियम केले. खेळाडूंचे मोबाईल जमा. सोडतीच्या चिठ्ठ्या कुकरच्या भांड्यातून, त्याही आमच्या पोळ्या करणाऱ्या रखमाबाईंनी काढायच्या (त्यांना कॅरमचा तिटकारा आहे, म्हणजे पूर्ण निःपक्ष). जो मुद्दाम हरेल तो बाद, आणि ज्याच्यासाठी हरेल तोही बाद. हे शेवटचं कलम खास माझं. टाळ्या पडल्या होत्या रे!

उपांत्य सामना माझा आणि प्रीतमचा. हा बी विंगमध्ये भाड्याने राहतो, मानपाड्याला कारखान्यात जातो, आणि हात असा की बघत बसावं. शेवटच्या बोर्डात राणी पॉकेटच्या तोंडाशी होती, फुंकर मारली तरी गेली असती. पठ्ठ्याने राणी सोडून स्ट्रायकरच घालवला. मी जिंकलो आणि माझं डोकं सणकलं. पावडरच्या हातांनीच चौकशी लावली. कोणी फोडलं तुला? बुकी कुठला, कल्याणचा की ठाण्याचा? शेवटी पोलिसांत देतो म्हटलं, तेव्हा रडवेला होऊन म्हणाला, "काका, काकू आलेल्या घरी. करंज्या घेऊन."

काकू म्हणजे आपली हेमा! माझी अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, यांना धक्का बसू देऊ नका. ते या बाईने थेट कॅरमपर्यंत नेलं. दर वर्षी सोडत निघाली की माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या दारात ही डबा घेऊन हजर. अख्ख्या संकुलाला माहीत, मी सोडून. दादा, ऑपरेशनआधी मी दुसऱ्या फेरीपुढे कधी गेलो नव्हतो. मला वाटायचं, रक्तपुरवठा सुधारला आणि मनगट सुटलं. (तळमजल्यावरच्या साईनाथरावांना मी खेळ सुधारायला अँजिओप्लास्टी सुचवलीसुद्धा होती.) हेमाला जाब विचारला, तर म्हणते, "अहो, जिंकून आलात की दोन पोळ्या जास्त जेवता." आता हिला कुठलं कलम लावू? शोकेसमधले तिन्ही कप मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले. रागापेक्षा लाज जास्त वाटते रे. संध्याकाळी खाली कट्ट्यावर जायचं धैर्य होत नाही.

माझ्याच कलमाने मी स्वतःला बाद केलं आणि अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. तो नामंजूर झाला. समितीतल्या बाकी सगळ्यांनी करंज्या खाल्लेल्या निघाल्या, आणि चौकशी करायची तर समितीच उरत नाही. अंतिम सामना रद्द झाला आहे. मी दिवसभर खिडकीत बसून असतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा खचलेला,
आनंद

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. रविवारी ये. दार लावून एक गेम खेळू. मला खरोखर खेळता येतं की नाही, एवढं एकदा कळू दे. लहानपणी तू मला एकदाही जिंकू दिलं नाहीस, तेव्हा विश्वास ठेवण्यासारखा माणूस तूच. धुव्वा उडव, चालेल. हेमाला सांगू नकोस.

आणखी ता. क. आत्ताच हेमा वहिनींशी फोनवर बोलत होती. मी खोलीत शिरलो तसा आवाज बारीक झाला. दादा, तिने तुला गाठलंच असेल तर मला कळवू नकोस. पण ये. आणि हरणारच असशील तर चांगला घाम गाळून, शेवटच्या सोंगटीपर्यंत झुंजून हर. मला कळता कामा नये.