ब्लारागच्या पान्ह्याची चाल

यार्मथ बंदर, मंगळवार

तीर्थरूप बाबा,

तुमची एफी इथे सुखरूप आहे. अंथरूण कोरडं आहे. हेरिंग मासे साफ करताना बोटांना चिंध्या गुंडाळते, त्यामुळे मीठ फारसं झोंबत नाही.

तुमचं पत्र मिळालं, गाईने दूध बंद केल्याचं वाचलं. आपली ब्लाराग आटलेली नाही हो, अडून बसलीय. तिचं पहिलं वासरू मेलं तेव्हा ती पान्हा सोडेना, म्हणून आईने तिच्या मानेवर हात फिरवत ते गाणं रचलं. आई गेल्यावर धारेला बसून मीच ते म्हणायचे. त्याशिवाय ब्लाराग थेंब द्यायची नाही. शेजारची केटीमावशी आईचा एप्रन बांधून बसली, तरी लाथच खाल्ली ना? आणि तुम्ही स्तोत्र म्हणालात! गाईला स्तोत्राचं काय, बाबा?

धाकट्या पेगीचा खोकला कसा आहे? पोरीला दूध हवंच. पण हंगाम संपेपर्यंत मालक सोडत नाही, मी काय करू? शब्द मागच्या बाजूला लिहिलेत, चाल कशी लिहू? इथल्या पोरींनी ती माझ्याकडून उचललीय. अख्खा धक्का गुणगुणतो, आणि आपल्या गोठ्यात चिडीचूप.

स्तोत्रं सोडून असली गाणी ओठांवर आणणं पाप, असं तुम्ही म्हणाल. रागावू नका, पण आई हसत सांगायची, "धारेच्या वेळी तुझे बाबा रोज भिंतीपलीकडे उभे असतात. गाणं संपलं की खाकरतात आणि निघून जातात."

चाल तुम्हाला येते, बाबा.

तुमची लाडकी,
एफी