नातीचा चष्मा आणि आमची सातवी

४ ऑगस्ट, सोमवार
नात संगणकाच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षेसाठी तिने एक जाडजूड चष्मा केलाय — काचा आरपार दिसणाऱ्या, दांडीवर सरकती कळ. कळ मागे असली की आपलं नेहमीचं घर. पार पुढे नेली की घर गायब, सगळं खोटं. मध्ये ठेवली की दोन्हींची सरमिसळ. आणि खोटं म्हणजे काय, तर माझ्या सातवीच्या वर्गाची खोली! मी आठवून सांगत गेलो, ती काढत गेली. शनिवारी तिचे सर घरी येणार. चष्मा घालणाऱ्याला खरं-खोटं ओळखता आलं नाही, तर ती पास. घालणारा मी!

५ ऑगस्ट
कळ मध्यावर. दिवाणाशेजारी बाक, भिंतीवर फळा, कपाटाला टेकून आमचे मराठीचे मास्तर. मी चहाचा कप बाकावर ठेवला. बाक खोटा, चहा खरा. सतरंजी भिजली. आमची ही म्हणाली, "आता मास्तरांनाच सांगा पुसायला."

७ ऑगस्ट
मास्तरांपुढे हाताची घडी घालून अख्खी कविता म्हटली. दोनदा अडखळलो, तरी मास्तर हसतमुख. खरे असते तर छडी घेऊन उठले असते! नातीकडे तक्रार केली. तिने मास्तरांच्या हाती छडी दिली. पण ते ती कंगव्यासारखी धरतात. असो. इतक्या वर्षांनी पुन्हा कुणीतरी माझं पाठांतर ऐकून घेतलं.

९ ऑगस्ट, शनिवार
झाली परीक्षा. कशी झाली ते लिहायलाही लाज वाटते.
नातीने माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवला, कळ मध्यावर नेली. समोर खुर्चीत एक टकले गृहस्थ. मला वाटलं, सर यायचेत अजून. नातीने वर्गात नवा माणूस घातलाय, तोही बोलका! काय काय दिसतंय, त्यांनी विचारलं. मी सांगत सुटलो — बाकांच्या तीन रांगा, खिडकीतून तिरपं ऊन, फळ्यावर अर्धवट पुसलेली ओळ, मास्तर बोटाला थुंकी लावून पान उलटतायत. मग नातीकडे वळून म्हटलं, "वर्ग झकास जमलाय गं. हे टकले तेवढे बिघडले. मिशी एकीकडे उतरलीय, पुसून टाक त्यांना."
ते सर होते.
सरांनी आधी मिशी चाचपली, मग पोट धरून हसले. समोरचा जिवंत माणूस खोटा वाटावा, याहून मोठा पुरावा काय हवा, म्हणाले. नात पास! ही स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

१० ऑगस्ट
नात रडवेली होऊन आली. काल चष्म्याची बॅटरी सकाळीच संपली होती. परीक्षेच्या वेळी काचा म्हणजे नुसत्या काचा! तिने आपणहून सरांना कळवलं. मग माझ्याकडे बघत राहिली.
"आजोबा, तुम्ही बघत काय होतात?"
उद्या पुन्हा परीक्षा. सरांची अट एकच — आजोबा नकोत.