लाल रेघेचं बटण

नेहरूनगर, पिंपरी
रविवार, दुपार

आदरणीय किसनमामा,

समाधानचा तुम्हाला आणि मामींना सविनय जयभीम. पाकीट बघून दचकू नका, इकडे सगळे जिवंत आहेत. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला महिनाभर वाचायला बंदी केली होती, तो महिना परवा संपला हे कॅलेंडरात बघूनच लिहायला बसलो. मामींचे गुडघे कसे आहेत? त्यांना म्हणावं, पाठवलेलं तेल लावायचं असतं, कपाटात ठेवून ते आपोआप लागत नाही. आईची तब्येत उत्तम आहे, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, मामी मधूनमधून प्रश्न विचारतात आणि शेजारचे अण्णा परस्पर उत्तरं देतात. इकडे मला खासगी बोलायचं तर गॅलरीत जावं लागतं आणि तिथलं बोलणं तिन्ही मजल्यांना ऐकू जातं. शिवाय अठ्ठावीस वर्षं कंपनीत इन्स्पेक्शनला काढलेल्या माणसाकडे तोंडी तक्रार चालत नाही, "लिहून दे" हे वाक्य ऐकत मी लहानाचा मोठा झालो. तर लिहून देतो.

विषय आपल्या विहारातल्या वधू-वर वहीचा आहे. वही तुम्हीच सुरू केलीत, नियमही तुमचेच, तरी एकदा उजळणी करतो, कारण माझ्या फजितीचा निम्मा दोष त्या नियमांकडे जातो. लग्न ठरलं की वहीतल्या नावावर लाल पेनाने रेघ मारायची. (कंपनीत तपासणीत नापास होऊन लाल रंग लागलेला जॉब भंगारात जायचा आणि वहीत लाल रंग लागलेला मुलगा मांडवात, असं तुम्ही म्हणायचात.) रेघ मारली की त्या घराने आठ दिवसांच्या आत विहारात पेढे आणायचे. शेवटच्या पानावर कोणी, कधी, काय बदललं ते सहीनिशी लिहायचं. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे, मुलाच्या नावावर एकदा रेघ पडली की ते नाव पुन्हा वहीत येणार नाही. हुंडा मागून ठरलेलं लग्न मोडणारा तो भोसरीचा मुलगा दुसऱ्यांदा नाव घालायला आला, तेव्हा तुम्ही त्याला दारातून परत पाठवलंत आणि त्याच दिवशी हा नियम लिहिलात. त्या नियमाचा मला अभिमान होता. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत होता.

झालं असं की वहीची पानं सुटायला लागली आणि कमिटीच्या अध्यक्षा कौशल्याबाईंनी ठरवलं की आता वही कॉम्प्युटरवर घ्यायची. मी चाकणला क्वालिटीत कामाला, पण कंपनीच्या बसमध्ये बसून वेबसाइट बनवायचा पूर्ण कोर्स केलेला आहे. (सहा महिन्यांचा कोर्स मी चार महिन्यांत संपवला, याचं श्रेय चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकला आहे. रस्ता मोकळा असता तर मी अजून पहिल्या धड्यावर असतो.) काम सोपं होतं. तीन फॉर्म करायचे, एक नवीन नोंदीचा, एक दुरुस्तीचा आणि एक नोंद काढून टाकायचा. जगातल्या सगळ्या वेबसाइटी शेवटी या तीन गोष्टी करतात, असं कोर्समधला माणूस म्हणाला होता. त्या तीन गोष्टी करताना माणसाचं काय होतं, ते त्याने सांगितलं नाही.

पहिला नवीन नोंदीचा फॉर्म. नाव, वय, उंची, शिक्षण, व्यवसाय, अपेक्षा. व्यवसायाची यादी मी दिली होती, त्यातून एक निवडायचा. यादीत सगळ्यात वर 'डॉक्टर' ठेवलं, आणि ज्याने काहीच निवडलं नाही त्याचा व्यवसाय आपोआप पहिला धरला जातो ही बारीक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. लोकांनी ती यादी उघडलीच नाही. एका रविवारात पिंपरीत एकशे बारा डॉक्टर तयार झाले. वेल्डर, रिक्षावाले, नर्सिंगच्या मुली, एक खरोखरचा डॉक्टर, सगळे एका रांगेत. खऱ्या डॉक्टरच्या आईने कमिटीकडे लेखी तक्रार केली. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ द्यायचा नाही असं मी कडक ठेवलं होतं, तुमच्याच शिस्तीत. त्यामुळे ज्यांना 'अपेक्षा' लिहायची लाज वाटली, त्यांनी तिथे नुसतं एक टिंब दिलं. आम्रपालीनेही टिंबच दिलं होतं. (आम्रपाली म्हणजे यशवंतरावांची मुलगी. तेच यशवंतराव, तुमच्या खात्यातले, ज्यांच्याशी विहाराच्या भिंतींना कोणता रंग द्यायचा यावरून तुमचं आठ वर्षांपूर्वी वाजलं. आता ते पिंपळे सौदागरला राहतात. ती आकुर्डीच्या शाळेत गणित शिकवते आणि रविवारी विहारात नोंदी भरायला येते. तिचा या पत्राशी तसा काही संबंध नाही.)

दुसरा दुरुस्तीचा फॉर्म. त्यात माझी चूक एवढीच की दुरुस्ती करून सेव्ह केलं की जुनी नोंद बदलण्याऐवजी नवीन नोंद तयार व्हायची. हे कुणाला कळलं नसतं, पण आपला ज्योतीराम आहे ना, फोर्कलिफ्ट चालवतो तो, त्याच्या आईला वाटलं की पोराची उंची कमी लिहिली म्हणून स्थळं येत नाहीत. ती दर रविवारी यायची आणि एक इंच वाढवून घ्यायची. महिन्याभरात वहीत चार ज्योतीराम झाले, पाच फूट तीन, चार, पाच आणि सहा इंचांचे, सगळे एकाच पत्त्यावर राहणारे आणि सगळे डॉक्टर. एका मुलीकडचे लोक दोन नंबरच्या ज्योतीरामला नकार देऊन चार नंबरच्याला बघायला त्याच घरी गेले. ही चूक आम्रपालीने शोधली. तिला वह्या तपासायची सवय आहे, समोर कागद असो की स्क्रीन, तिची नजर बरोबर चुकलेल्या जागी जाते. दर रविवारी ती मला चुकांची यादी द्यायची, लाल पेनाने, नंबर घालून, आणि शेवटी लिहायची 'बाकी बरं आहे'. मामा, कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो, तेव्हा स्वतःच्या चुका कुणी काढलेल्या मला आवडतील असं वाटलं नव्हतं. पण रविवार कधी येतो असं व्हायचं. (याचाही पत्राशी संबंध नाही.)

आता तिसरा फॉर्म. नोंद काढून टाकायची म्हणजे लग्न ठरलं, कारण वहीत दुसऱ्या कुठल्याच कारणाने रेघ मारत नाहीत. म्हणून बटणाचा रंग लाल ठेवला. कौशल्याबाईंची इच्छा होती की रेघ पडली की सगळ्यांना लगेच कळावं, म्हणून बटण दाबताच विहाराच्या ग्रुपवर आपोआप निरोप जाईल अशी सोय केली. मजकूर त्यांचाच, 'कळविण्यास आनंद होतो की आयु. अमुक यांचा मंगल परिणय निश्चित झाला आहे. मंगल कामना.' आम्रपालीने मला तीन रविवार सांगितलं की डिलीट दाबल्यावर आधी विचारायला पाहिजे, 'नक्की काढायचं का' म्हणून. तिच्या यादीत तो मुद्दा कायम पहिला असायचा. मी म्हणालो, दाबणाऱ्याला स्वतःला कळत नाही का? ती म्हणाली, "न विचारता केलेल्या गोष्टी अंगाशी येतात." मी हसलो. मामा, तेव्हा मी हसायला नको होतं.

बटण तयार झालं, तपासायचं कुणावर? तुम्हीच शिकवलंत की मापाचा नवीन गेज दुसऱ्याच्या जॉबवर लावून बघू नये, आधी स्वतःच्या जॉबवर लावावा. मी आज्ञाधारक. स्वतःच्या नावापुढचं लाल बटण दाबलं. नाव गेलं. बटण व्यवस्थित चालतंय म्हणून मी समाधानाने पाणी प्यायला गेलो. निरोपाची जोडणी मी आदल्या दिवशीच पूर्ण केली होती हे परत येईपर्यंत आठवलं नाही. परत आलो तोवर चारशे घरांत माझं लग्न ठरलेलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगणं कठीण आहे. घरी पोचलो तर आई दारात उभी. आधी ती आनंदाने रडली, मग आपल्याला सगळ्यात शेवटी कळलं म्हणून रडली, आणि चूक झाली असं मी सांगितल्यावर तिसऱ्यांदा रडली, ते रडणं मात्र मला बघवलं नाही. तेहतीस वर्षांचा मुलगा, दोन स्थळं हातची गेलेली, आणि आता हे. तोपर्यंत शेजारणी आत आल्या होत्या. सोमवारी बसमध्ये शिफ्टच्या लोकांनी मला खिडकीची जागा दिली आणि "भावा, सांगितलं न्हाईस" म्हणून मोशीपर्यंत चिडवलं. चूक झाली असा निरोप मी ग्रुपवर टाकला, पण लोकांना वाटलं मुलीचं नाव लपवतोय. शिवाय आठ दिवस भरत आले, आणि आपल्या घरावर पेढ्यांची बाकी राहिली असं कुणी म्हणू नये म्हणून आई गुपचूप पेढे घेऊन विहारात देऊन आली. तुमचीच बहीण. झालं, पेढे पोचल्यावर शंका घ्यायला कुणाला जागाच उरली नाही.

मी कौशल्याबाईंकडे गेलो, म्हटलं माझी नोंद परत घालतो, दोन मिनिटांचं काम आहे. त्या म्हणाल्या, "आता रेघ वढली म्हंजी वढली. किसनरावांचा नियम हाय, त्यो तुझ्यापायी मोडायचा व्हय?" मी म्हटलं ती रेघ नाही, बटण आहे. त्या म्हणाल्या, "मग पेढे कशाचे खाल्ले आमी?"

म्हणून ही विनंती. नियम तुमचा, तो फक्त तुम्हीच शिथिल करू शकता. कृपया कमिटीच्या नावाने चार ओळींचं पत्र द्या की समाधानच्या नावावरची रेघ तांत्रिक कारणाने पडली असून त्याचं नाव पुन्हा घालावं. आईला तेवढ्याने झोप लागेल. निरोप आपोआप जायची सोय मी काढून टाकली आहे आणि बटण आता दाबण्याआधी विचारतं.

जाता जाता एक. त्या निरोपानंतर आम्रपालीने मला 'अभिनंदन' असं म्हटलं आणि तेव्हापासून एकही चूक काढलेली नाही. गेल्या रविवारी यादी मागितली तर म्हणाली, सगळं बरोबर आहे. मामा, सगळं बरोबर नव्हतं. जन्मतारखेचा रकाना तीस फेब्रुवारी घेत होता, आंधळ्यालाही दिसेल अशी चूक. मला वाईट वाटलं. का ते विचारू नका.

मामींना आणि अण्णांना जयभीम.

आपला भाचा,
समाधान

ता. क. १. पत्र पाकिटात घालून विहारात आलो होतो, ते पुन्हा उघडलं आहे. आज आम्रपाली लवकर येऊन लवकर गेली. नोंदी बघताना दिसलं की मुलींच्या यादीत तिचं नाव नाही. निरोपाची सोय मीच बंद केल्यामुळे कुणालाच कळलेलं नाही. यादी तीनदा वरपासून खालपर्यंत वाचली, खोटं कशाला सांगू. कुणाशी ठरलं, कधी ठरलं, काहीच कळेना.

ता. क. २. मग तुमचं शेवटचं पान आठवलं. कॉम्प्युटरवरही मी ते ठेवलं आहे, कोणी, कधी, काय बदललं. (अक्षर बारीक म्हणून कौशल्याबाई तिकडे फिरकत नाहीत. ते पान फक्त आम्ही दोघं बघतो, आणि हे तिला माहीत आहे.) आज दुपारच्या दोन नोंदी आहेत, दोन्ही तिच्याच नावाने. पहिली, 'अपेक्षा' या रकान्यातला टिंब काढून तिथे लिहिलं आहे, 'आधी विचारणारा'. दुसरी, नोंद काढून टाकली.

ता. क. ३. वरची विनंती रद्द समजावी. कमिटीला पत्र अजिबात देऊ नका, माझ्या नावावरची रेघ आहे तशी राहू द्या. त्याऐवजी पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने या, आपल्याला पिंपळे सौदागरला यशवंतरावांकडे जायचं आहे. भिंतीच्या रंगाचं त्यांचंच बरोबर होतं असं तुम्हाला एकदा म्हणावं लागेल. अवघड आहे, मला कल्पना आहे, पण पिवळा खरोखरच बरा दिसतो. उशीर करू नका, मुलींना परत नाव घालता येतं असा तुमचाच नियम आहे.

ता. क. ४. आईला अजून काही माहीत नाही. आम्रपालीलाही मी अजून विचारलेलं नाही. पत्र स्पीड पोस्टने टाकतो, तुम्हाला पोचायच्या आत तेवढं एक काम करून ठेवतो.