पाहुणे येणार आहेत, घर आवरू नका

आई, हे वाचून तुला रागच येईल, तरी लिहिते. मोशीच्या फ्लॅटमध्ये बसले आहे, रविवारची दुपार आहे, नवरा झोपलाय. तू होतीस तेव्हा इथे शेतं होती. हा फ्लॅट तू पाहिला नाहीस, मला नोकरी लागलेलीही पाहिली नाहीस. म्हणून आधी माझं काम काय आहे ते सांगते, नाहीतर तू म्हणशील, ही काय बोलायलीय मला काही कळंना.

हिंजवडीच्या एका कंपनीत मी पैसे मागणारे अर्ज लिहिते. म्हणजे असं बघ. जगातल्या श्रीमंत देशांनी पिढ्यान्‌पिढ्या कोळसा आणि तेल जाळलं, मोठे झाले, आणि हवा सगळ्यांचीच बिघडली. पाऊस येतो तो आता कोसळतोच, उन्हाळा भाजून काढतो. मग त्यांनी ठरवलं की ज्यांनी फारसं काही जाळलं नाही, पण ज्यांच्या घरात पाणी शिरतं, त्यांना सावरायला एक निधी काढायचा. ऐकायला बरं वाटतं ना? फक्त तो निधी मागावा लागतो. इंग्रजीत, त्यांच्या नमुन्यात, आणि दुसऱ्या कुणापेक्षा आपणच जास्त बुडतो हे सिद्ध करून. ज्यांनी जाळलं त्यांना कुणी काही सिद्ध करायला लावत नाही. हे मागायचं काम मी करते. पगार चांगला आहे, कंपनीची कॅब न्यायला येते, आणि ट्रॅफिकमध्ये दीड तास बसून मी मोबाईलवर दुसऱ्यांच्या हालअपेष्टा नीटनेटक्या करत असते.

आपल्या पवनेकाठच्या वस्तीसाठी अर्ज करायचं माझ्याच डोक्यात आलं. तुझ्या वेळी धरणातून पाणी सोडलं की ते पायरीपर्यंत यायचं, फार तर उंबऱ्याला लागायचं. तू पिठाचा डबा आणि माझं दप्तर माळ्यावर टाकायचीस आणि खाली बसून पाण्याला शिव्या द्यायचीस. आता ते दर पावसाळ्यात घरात येतं, कधी दोनदा येतं, आणि धरणाची वाटही बघत नाही. शेजारच्या काकू अजून तिथेच आहेत. काकांच्या अंगावरून वारं गेल्यापासून ते खाटेवरच. पाणी चढलं की गल्लीतली पोरं त्यांना खाटेसकट उचलून शाळेत नेतात, काकू मागून डोक्यावर बोचकं घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून चालतात. आपण मागत होतो ते फार नव्हतं गं. खांबांवर उभा केलेला एक हॉल, काकांसारख्यांना पाणी चढायच्या आधी नेऊन ठेवायला, आणि वेळेवर वाजणारा एक भोंगा. काकू मला म्हणाल्या होत्या, "तेवढं कर बाई. दर साली यांना पालखीवानी न्यायचं म्हंजी माजा जीव ऱ्हात न्हाई." मी हो म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

निधीची माणसं पाहणीला आली ती हिवाळ्यात. दोन परदेशी बाया आणि दिल्लीचे एक साहेब. त्यांच्या आधी मी सकाळी वस्तीत पोचले तर माझाच विश्वास बसेना. गल्ली धुऊन काढलेली, दारोदारी रांगोळ्या, गटारावर फळ्या टाकून वर सतरंजी अंथरलेली. आणि काकूंच्या घरात, जिथे पाण्याची रेघ खांद्याइतकी उंच उमटली होती, ती अख्खी भिंत आकाशी रंगानं रंगवलेली. काकांची दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. "काकू, ही भिंत का रंगवली?" असं विचारलं तर माझ्याकडे बघतच राहिल्या. "आता गं? पाव्हणं यायचं म्हणल्यावर भिताडं तशीच ठिवायची व्हय?"

मला तर तूच आठवलीस. बाबांच्या भोसरीच्या कंपनीतले सुपरवायझर घरी आलेत, मी तिसरी-चौथीत आहे, तू चहाचं आधण ठेवलंयस आणि मी पुढे होऊन सांगते की आमच्याकडे आज साखर नाहीये. तू हसून काहीतरी सारवासारव केलीस, मागच्या दारानं काकूंकडून वाटी भरून आणलीस, त्यांना चहाबरोबर शिरासुद्धा दिलास. आणि ते गेल्यावर माझा दंड असा धरलास की वळ उठले. "घरात काय नाही ते पाव्हण्याला कामून सांगायलीस? त्यो आणून देणार हाय का?" रडून झाल्यावर उरलेला शिरा मलाच भरवलास. त्या आकाशी भिंतीपुढे उभी राहून मला, खरं सांगते, अभिमानच वाटला.

पाहुण्या बाया चांगल्या होत्या. चांगल्या नसत्या तर बरं झालं असतं, निदान रागवायला सोपं गेलं असतं. मांडी घालून बसल्या, थालीपीठ खाल्लं, काकांचा हात हातात घेतला. मग त्यांतल्या एकीनं विचारलं, घरात येणाऱ्या पाण्यातलं किती हवामान बदलल्यामुळे येतं आणि किती तुमच्या बिल्डरांनी नदीकाठी टाकलेल्या भरावामुळे? कारण आम्ही फक्त पहिल्यासाठी पैसे देऊ शकतो. मी ते मराठीत सांगितलं. काकू म्हणाल्या, "पानी काय नाव सांगून येतंय व्हय?" मी हे इंग्रजीत सांगितल्यावर सगळे हसले, आणि एकीनं वहीत काहीतरी लिहूनही घेतलं. जाताना त्या म्हणाल्या, किती खंबीर माणसं आहेत.

हाच खंबीरपणा आम्हाला नडला. उत्तर आलं त्यात लिहिलं होतं की वस्तीनं स्वतःच्या बळावर केलेली तयारी कौतुकास्पद आहे, त्यामुळे अधिक निकडीच्या ठिकाणी प्राधान्य देत आहोत. ते ठिकाण म्हणजे दुसऱ्या एका गरीब देशातलं समुद्रकाठचं गाव. आमच्या कंपनीतल्या साहेबांनी त्यांच्या अर्जातला फोटो दाखवला. एक म्हातारी छातीएवढ्या पाण्यात, घराच्या दारात उभी आहे आणि थेट कॅमेऱ्याकडे बघतेय. तिच्यावर कसली चिडणार मी? तिलाही कुणीतरी तिथे उभं राहायला सांगितलं असेल. दोन बुडणाऱ्या बायांमध्ये कोण जास्त बुडतेय हे बघायला ज्यांना बसवलंय, ते कोरड्यात बसलेत. एवढंच मला सारखं डोक्यात येत राहिलं, आणि त्याचं काय करायचं ते काही कळलं नाही.

त्या पावसाळ्यात पाणी रात्रीच आलं. भोंगा नव्हता, कुणी उठवलं नाही. काकांना बाहेर काढेपर्यंत त्यांची गादी पाण्याखाली गेली होती. ते बुडाले नाहीत. भिजून गारठले, छाती भरली, आणि पंधरवड्यानं सरकारी दवाखान्यातच वारले. सर्टिफिकेटवर न्यूमोनिया आहे. म्हणजे ते पुरात गेले असंही मला अर्जात लिहिता येत नाही. मी दहाव्याला गेले तेव्हा काकूंनी मला बोल लावला नाही. उलट विचारलं, "जेवून आलीयेस का?"

यंदा पुन्हा अर्ज केलाय. दुसरा निधी आहे, आणि मंजूर झाला तर बराचसा पैसा कर्ज म्हणून येणार. म्हणजे ज्यांच्या धुरानं पाणी घरात आलं त्यांनाच आपण ते कर्ज व्याजासकट फेडायचं. साहेबांना हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "मॅडम, फिलॉसॉफी नको. या वेळी वस्ती वस्तीसारखी दिसू दे, बास." मागच्या आठवड्यात, पाहणीच्या आदल्या दिवशी, वस्तीत जाऊन घरोघरी सांगितलं की पाहुणे येणार आहेत, घर आवरू नका. रांगोळी नको, चहा-नाश्ता नको, चांगल्या साड्या नेसू नका. एक बाई म्हणाली, "मग पोरांची तोंडं तरी धुवायची का न्हाई?" आणि मी तिला, आई, अगदी शांतपणे म्हटलं, राहू दे एक दिवस.

मग काकूंकडे गेले. काकांची ती गादी त्यांनी मागच्या पत्र्यावर टाकून दिली होती, बुरशीनं काळी पडलेली. मी म्हटलं, काकू, ती काढून दाराशी भिंतीला टेकवून ठेवा, आणि उद्या तुम्ही तिच्याजवळ उभ्या राहा. काकू तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "आता आनी कुनाला न्यायचं हाय तुज्या त्या हॉलात?" म्हणाल्या. मी म्हटलं, गल्लीत बाकीची म्हातारी माणसं आहेत ना. त्यांना ते पटलं असावं, कारण ताट बाजूला ठेवून त्या उठल्या. दारात थांबल्या आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुजी आई असती, तर तिला बी अशीच हुबी केली असतीस व्हय?"

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी काकू जुनेर नेसून त्या गादीशेजारी उभ्या राहिल्या, पाहुण्यांनी बरेच फोटो घेतले, आणि कॅबमध्ये साहेबांनी मला शाबासकी दिली. काकू त्यानंतर माझा फोन उचलत नाहीत.

आठवडाभर मी स्वतःची समजूत घालतेय की ते नुसतं बोलण्यापुरतं होतं, तू नाहीस म्हणून जीभ रेटली. पण हे कुठे पाठवायचं नाही, तर इथे तरी खोटं कशाला लिहू? तू असतीस तर मी तुला खरंच त्या गादीशेजारी उभं केलं असतं. आणि तू ताठ उभी राहिली असतीस, म्हणून जवळ येऊन हळूच म्हटलं असतं, आई, जरा वाकून उभी राहा.