गाडीतलं पुस्तक

प्रिय पंकजा,

अंगणात सडा टाकून झाला होता, म्हशीची धार काढून झाली होती, भाकरी फडक्यात बांधल्या होत्या, आणि तुझे बाबा गाडीची काच पुसता पुसता हॉर्न वाजवत होते. तुझ्याकडं पुण्याला निघायची सकाळ नेहमी अशीच असायची. त्यांची आठवण काढली की मला तीच आधी दिसते, दवाखाना नंतर. असं का, ते कळत नाही.

तुझ्या शाळेच्या पुस्तकांवरून मी वाचायला शिकले, पण मोठ्यानं वाचायला लावलं त्यांनी. राणीसावरगाव ते पुणे नऊ तास, दुपारी त्यांना डुलकी यायची. मी वाचत राहिले की यायची नाही. एखाद्या शब्दाला अडले की म्हणायचे, "बैल बसला का गं? उठव की." नियमही त्यांचाच, गाडीतलं पुस्तक घरात आणायचं नाही. "तू एकटी वाचून बसलीस तर मला काय राहिलं," म्हणायचे. मग चार-चार महिने गोष्ट अर्धीच राहायची आणि भांडी घासताना मी तिच्यातच असायचे.

बाबा शेवटी काय बोलले, असं तू मला दोनदा विचारलंस. काही नाही, झोपले होते, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. परभणीच्या दवाखान्यात त्यांनी पुस्तक मागितलं होतं. गाडी खालीच उभी होती. "अकरा पानंच ऱ्हायलीत, वाच की." मी म्हणाले, "इथं न्हाई. घरी जाताना वाचू." गोष्ट संपवली तर ते घरी येणार नाहीत, असं काहीतरी माझ्या मनात आलं. "लय कडक मास्तरीण हाय," म्हणून ते हसले आणि भिंतीकडं वळले. रागावले होते की नुसते दमले होते? दीड वर्ष झालं, मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, त्यांचाच नियम पाळला. कधी वाटतं, पाणी मागणाऱ्या माणसाला मी नाही म्हणाले.

परवा पालमचा योगीराज गाडी न्यायला आला आणि मी त्याला परत पाठवलं. "तूच विक म्हणालीस ना, आई?" म्हणून तू फोनवर चिडलीस. मीच म्हणाले होते. पण त्यानं पुढचा कप्पा उघडून "मावशी, हे पुस्तक काढून घेता का?" विचारलं, आणि मला हो म्हणता येईना. का, ते फोनवर सांगता आलं नाही म्हणून लिहिते आहे. दुसऱ्या दिवशी मी योगीराजला परत बोलावलं, पूर्णेपर्यंत गाडी चालवून बघ म्हणाले, आणि शेजारी बसून अकराही पानं मोठ्यानं वाचली.

तुझीच,
आई