सख्खी आजी चालत नाही

आई, तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. एकाच शहरात राहणाऱ्या सासूला कोण पत्र लिहितं? आपलं सगळं बोलणं फोनवर, नाहीतर दारात उभ्या-उभ्या व्हायचं. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची नात नोकरीला लागली. परवा जेवताना तिने मला विचारलं, "मम्मा, आजी आपल्याकडे का नाही राहत होता? तुमचा काही फाइट झाला होता?" तिचं मराठी अजून तसंच आहे, तुम्ही असतात तर हसला असतात. मी तिला खरं काय ते सांगितलं. तिला पटलेलं दिसलं नाही. मलाही ते सांगताना कुठल्या तरी दुसऱ्याच घरातली गोष्ट सांगतेय असं वाटत होतं.

तुमचा मुलगा गेला तेव्हा ती नुकती भिंत धरून उभी राहायला लागली होती. तुम्ही एक बॅग घेऊन माझ्या फ्लॅटवर आलात आणि परत जायचं नावच काढलं नाहीत. मीही काढलं नाही. लग्न होऊन पुण्याहून बर्मिंगहॅमला आले तेव्हा मला तुमची भीती वाटायची, आणि आता रात्री तुमच्या खोकल्याचा आवाज आला की मला झोप लागायची. मग मी नोकरी करायची त्या बँकेतून मॅनेजरचा फोन आला, कामावर परत कधी येतेस म्हणून. फ्लॅटचं कर्ज माझ्या एकटीच्या डोक्यावर, न जाऊन सांगते कुणाला? तुम्ही म्हणालात, "तू जा बिनधास्त. मी किचनचा जॉब सोडते." तुम्ही शाळेच्या किचनमध्ये इतकी वर्षं काम करत होतात, त्याच पगारावर तुमच्या कौन्सिलच्या घराचं भाडं निघायचं. माझ्याकडून तुम्ही एक पौंड घेतला नसतात, हे दोघींनाही माहीत होतं. तेवढ्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितलं की नवीन टॅक्स क्रेडिट निघालंय, कामावर परत जाणाऱ्या आईला मूल सांभाळायच्या खर्चातला बराचसा भाग सरकार देतं. म्हणजे तुमचा सुटलेला पगार त्यातून भरून निघाला असता.

मी हेल्पलाइनला फोन लावलाय. तुम्ही शेजारी सोफ्यावर, मांडीवर ती. पलीकडची बाई विचारते, मूल कोण सांभाळणार? मी म्हणते, आजी. आणि तुम्ही मागून मोठ्याने, फोनमध्ये ऐकू जाईल अशा बेताने, "सांग त्यांना, ओन ग्रँडमदर! रिअल! नॉट सम आउटसायडर!" तुम्हाला वाटत होतं, याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं असणार? बाई फार गोड आवाजात म्हणाली, सॉरी, नातेवाईक आणि तेही मुलाच्या स्वतःच्या घरात, हे धरता येत नाही. मी फोन ठेवून तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे परकी चालते, सख्खी आजी चालत नाही?" मग बराच वेळ तुम्ही नुसत्या तिच्या पायातले मोजे काढत होतात आणि घालत होतात.

आपण नर्सरी बघायला गेलो. ती वाईट नव्हती, उलट चांगलीच होती. तिथल्या छोट्याशा खुर्चीवर तुम्ही अवघडून बसलात, मुलं सांभाळणाऱ्या मुलींशी हसून बोललात, बाहेर येऊन "चांगलं आहे हं" म्हणालात, आणि बसमध्ये वरच्या मजल्यावर जाऊन सगळ्यांसमोर रडलात. मुलगा गेल्यावर तुम्ही माझ्यासमोर रडला नव्हतात. त्या दिवशी मला कळलं की तुमच्या अंगाखांद्यावर आता तेवढं एकच मूल उरलं होतं, आणि तेही आपण दिवसभरासाठी काढून घ्यायला निघालो होतो.

मार्ग तुम्हीच शोधलात. ओळखीतली एक बाई चाइल्डमाइंडर होती, पैसे घेऊन स्वतःच्या घरी मुलं सांभाळायची, तिच्याकडून सगळं विचारून आलात. रजिस्टर झालं आणि मूल तुमच्या घरी आणून सोडलं, तर आजी चालते. मंडळातल्या एका बाईने तुम्हाला सुचवलं होतं, "राहा ना इथेच, पेपरवर दाखवा वेगळं. कोण बघायला येतंय?" त्यावर तुम्ही तिला जे सुनावलंत, ते मी इथे लिहीत नाही. पैसे घ्यायचे म्हटल्यावर मात्र तुमचा पाय अडला. "नातीला सांभाळायचे पैसे घेऊ? लोक शेण घालतील तोंडात." मी म्हटलं, आई, घेतले नाहीत तर क्लेमच होत नाही. दोन दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी परत जायला बॅग भरलीत.

वयाच्या साठीला तुम्ही कोर्सला बसलात, प्लास्टिकच्या बाहुलीला तोंडाने श्वास दिलात. तपासणीला आलेल्या बाईने तुमचं घर फिरून बघितलं, सगळं पसंत केलं, आणि खालच्या फडताळातल्या देवापुढचं तेवतं निरांजन बघून म्हणाली, हे मुलांच्या हाताला लागेल. तुम्ही लगेच देव उचलून फ्रीजवर नेऊन बसवलेत. संध्याकाळी मला फोनवर सांगताना तुम्ही इतक्या हसत होतात! "देवांना म्हटलं, तुमचंही रजिस्ट्रेशन करायचंय, जरा सहकार्य करा."

मग सुरू झालं आपलं ते आयुष्य. सकाळी मी बसने तिला तुमच्या दारात आणून सोडायची, संध्याकाळी न्यायची. ती तुमचा पदर सोडायची नाही, तुम्ही एकेक बोट सोडवून तिला माझ्या हातात द्यायचात आणि तोंड फिरवून आत जायचात. कधी उशीर झाला, बाहेर बर्फ पडत असलं, की मी म्हणायची, आज इथेच झोपतो आम्ही, किंवा शनिवारी तुम्ही या राहायला. तुम्ही कधीही ऐकलं नाहीत. "नको गं बाई. उद्या कुणी म्हटलं एकत्रच राहतात, तर तुझं बंद होईल." मी हेल्पलाइनला पुन्हा फोन करून खात्री केली होती, की अधूनमधून राहायला कुणाचीच हरकत नाही. पण या देशात तुमची पंचवीस-तीस वर्षं कुणाला बोट दाखवायला जागा न ठेवता गेली होती. शनिवारी जेवून, भांडी घासून, तुम्ही शेवटच्या बसच्या आधी कोट चढवायचात. मंडळाच्या गणपतीत बायका कुजबुजायच्या, नवरा गेल्यावर सुनेने म्हातारीला वेगळं काढलं, वर पोरगी सांभाळायला देते. तुमच्या कानावर गेलंच असणार. तुम्ही तिथेच सगळ्यांसमोर माझ्या डोक्यात गजरा माळलात. प्लास्टिकचा होता, पण माळलात.

ती शाळेत जायच्या आधीच्या जुलैत, एका सोमवारी सकाळी मी तुमची बेल वाजवली. पुन्हा वाजवली. तिने पत्र टाकायच्या फटीतून "आजीऽऽ" अशी हाक मारली. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं तेव्हा तिला बाहेर उभं करायचं भान मला कुठून आलं, माहीत नाही. तुम्ही झोपेतच गेला होतात, अगदी शांत. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. सगळे हेच म्हणाले. मला त्याचा काही उपयोग झाला नाही. शेजारच्या खोलीत मी असते तर खोकला थांबल्याचं मला कळलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून लिहिते. नातीलाही हे सांगितलेलं नाही. ती सप्टेंबरपासून शाळेत जाणार होती, म्हणजे तुम्हाला रजिस्टर राहायची गरज नव्हती, वेगळं राहायची तर मुळीच नव्हती. त्या शनिवारी तुम्ही मंडळाच्या ट्रिपला गेला होतात, म्हणून मी आतली खोली रंगवून घेतली होती. पलंगही आणून लावला होता, तुमच्या गुडघ्यांना झेपेल असा उंच. सोमवारी दारातच सांगायचं ठरवलं होतं, कारण मला तुमचं तोंड बघायचं होतं. रविवारी रात्री तुमचा फोन आला. नेहमीप्रमाणे तुम्ही विचारलंत, "बाकी काय विशेष?" मी म्हटलं, "विशेष काही नाही. उद्या भेटूच."