आडवं व्हायचंय

जिंतूर, ९ नोव्हेंबर २०२४

ती. संघप्रिया आक्कास,
धाकट्या भावाचा स. जयभीम, वि. वि.

फोनवर चार शब्दांत दम लागायलाय, म्हणून पत्र. तीन वर्षांमागं माझ्या मांडीतली कॅन्सरची गाठ काढली, तोच रोग फुप्फुसात गेला आणि तिथून शिरेतून हृदयाच्या डाव्या कप्प्यात शिरला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी हृदयाच्या इको तपासणीत दाखवलं. मागचं केमोचं लाल सलाईन आता देता येत न्हाई. त्यानं हृदय थकतं, आणि माझ्या वाट्याची मात्रा तवाच संपली म्हणे.

गाठ रक्ताची वाट अडवायलीय. दोन महिने झाले, आडवं पडलो की बुडाल्यागत होतं. बसूनच झोपतो. तुझी भावजय राजेश्री माझ्या पाठीला पाठ लावून बसते. डॉक्टर म्हणाले, छाती उघडून गाठ काढता येईल, पण पुन्हा वाढेल. तू नर्स हायस, काय करावं ते कळव. रागावून लिहू नको, रागातलं तुझं अक्षर लागत न्हाई.

लोभ हाय तसाच राहू दे.
सिद्धोधन

नांदेड, १४ नोव्हेंबर

चि. सिद्धोधन यास,
अ. आ. व जयभीम.

अक्षर मुद्दाम सुवाच्य काढतेय. ऑपरेशन करू नकोस. टेबलावरच काही होऊ शकतं, आणि निभावलं तरी फुप्फुसातल्या गाठी राहतातच. कॅन्सरच्या गोळ्या असतात, त्या सुरू कर. बसून का होईना, तू आहेस. गाठ दुखत नाही म्हणून वर्षभर पँटखाली लपवलीस, तेव्हाही ऐकलं नाहीस. वीस वर्षं मी लोकांच्या नातेवाइकांना सही कुठं करायची ते दाखवते; तुझ्या संमतीच्या फॉर्मवर माझा हात चालणार नाही.

दमले रे. वॉर्डात दुसऱ्यांचं बघायचं, घरी तुझे कागद. राजेश्रीला जप.

तुझी माया करणारी,
आक्का

जिंतूर, २० नोव्हेंबर

ती. आक्कास,
स. जयभीम.

तुझं खरं हाय. पण मी बरं व्हायचं म्हणून न्हाई, आडवं व्हायचंय म्हणून ऑपरेशन करतोय. डॉक्टरांना सरळ विचारलं, झोपता येईल का. बहुतेक येईल म्हणाले. किती महिने, ते सांगता येत न्हाई.

राजेश्रीची पाठ रोज शेकावी लागते. परवा बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. ती उठेस्तोवर मी हललो न्हाई. पाय मुंग्या येऊन बधिर झाले, पण उठवावं वाटलं न्हाई.

सही मीच केलीय. तारीख तीन डिसेंबर. रागात असलीस तरी ये. दाराबाहेर तू बसलीस तर आत मला धीर राहील.

तुझाच,
सिद्धोधन

जिंतूर, १९ डिसेंबर

ती. आक्का यांना,
राजेश्रीचा सविनय जयभीम.

तुमी आठ दिवस दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर काढले. पायांची सूज उतरली का? गाठीचा शिरेजवळचा तुकडा निघाला न्हाई, हे तुमाला ठाऊकच हाय. सोमवारपासून गोळ्या.

काल दुपारी घरी आलो. ते खाटेवर उताणे झाले आणि घोरायलाच लागले. मी बाजूला बसून छाती हलते का बघत राहिले. मग मीबी सतरंजीवर पडले. शेजारच्या प्रियांकानं दार वाजवलं तवा दिवस कलला होता. तुमच्या घरात चूल कशी पेटली न्हाई, असं ती विचारायला आली होती. ते तसेच झोपलेले, तोंड उघडं. मी तिला खुणेनं गप्प केलं, दार लोटलं आणि परत आडवी झाले.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची राजेश्री